हिंदूरावांचं तबक

आमच्या घरात नवं भांडं आलं की त्याला आधी नाव मिळायचं आणि मग काम. आईच्या लग्नातली सगळी भांडी नावं घेऊनच नागपूरहून दिल्लीला आली होती. ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं, वर जयभीम, खाली देणाऱ्याचं नाव, आणि जागा उरलीच तर गाव. चमच्यांच्या दांड्यांवर एवढं मावत नसे, म्हणून तिथे नुसतंच मेश्राम. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढताना शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. मराठी वाचायला मिळायचं ते ताटात. वरण संपत आलं की तळातून मोठे मामा उगवायचे, खीर संपली की वाटीत मावशी दिसायची. मी ताट चाटूनपुसून खाते याचं आईला फार कौतुक होतं. खरं तर मी वाचत असायचे.

स्वयंपाकघराच्या एका भिंतीवर स्टीलच्या भांड्यांची फळी होती आणि ती आईची दौलत होती. तिच्या माहेरी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पोचे पडलेली पातेली होती; त्यातून ती इथवर, या लखलखीत फळीपर्यंत आली होती. दर रविवारी ती सगळी फळी खाली उतरवायची, घासायची, कोरडी करायची आणि उंचीप्रमाणे परत लावायची. मागून रिंग रेल्वेची गाडी गेली की सगळी भांडी एकदम किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आई मात्र हातातलं लाटणं थांबवून ऐकायची. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि घरातही फाइलच्या भाषेत बोलायचे. मी नवा फ्रॉक मागितला की ते म्हणायचे, "विषय विचाराधीन आहे." आई म्हणायची, "विचार तिकडे ऑफिसात करा, इथे पैसे काढा."

आमच्या ब्लॉकच्या मागच्या बाजूला मोठ्या क्वार्टरमध्ये लिमयेकाकू राहायच्या. त्यांचे यजमान बाबांपेक्षा दोन पायऱ्या वरचे अधिकारी. काकू पुण्याच्या, गोऱ्यापान, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की गल्लीत कुणालाही शिंक आली तर आल्याचा काढा यांच्या घरून निघालाच म्हणून समजा. मी एकदा त्यांच्यासमोर "मी चाय पिली" म्हणाले, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मला मराठी शिकवायला बसल्या. एकही पैसा न घेता, वर्षानुवर्षं. मला टायफॉइड झाला तेव्हा आईच्या बरोबरीने त्याही माझ्या उशाशी बसल्या, माझं डोकं मांडीवर घेऊन. आज मी हे जे काही बरं-वाईट मराठी लिहिते आहे, ते त्यांचं देणं आहे. पण लिमयेकाकू आमच्या घरी काही खात नसत.

सोमवारी त्यांचा शंकराचा उपास असायचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी आणि शुक्रवारी पोट बरं नसायचं. रविवारी त्या आत्ताच जेवून आलेल्या असायच्या. पाणी? "नको गं सुमन, आत्ताच पिऊन निघाले." फार आग्रह झाला तर एखादं केळं चालायचं. ते त्या स्वतः सोलायच्या, साल बाजूला ठेवायच्या आणि फार प्रेमाने खायच्या. थंडीत संत्रं चालायचं, उन्हाळ्यात लिची. चिरलेला पेरू चालायचा नाही. केळ्याला देवाने साल का दिली असेल, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही, उत्तर दर आठवड्याला समोर बसलेलं असायचं. लिमयेकाकांचं मात्र उलट. ते आले की आईच्या सांबारवड्यांवर आडवा हात मारायचे. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडे कोथिंबीर. तिचं खसखस-खोबऱ्याचं सारण भरून तळलेली वडी आणि सोबत पातळ कढी. काकू त्यांच्याकडे पाहून म्हणायच्या, "ह्यांना काय, सगळं चालतं," आणि आई हसून आत जायची. आत गेल्यावर ती हसत नसे, हे मला माहीत होतं.

त्याच सुमारास दिल्लीतल्या साहेबलोकांच्या बायकांना जुन्या पितळेचं वेड लागलं. काकूंच्या दिवाणखान्यातला काचेचा टी-सेट गेला आणि तिथे काळपट तबकं, नक्षीच्या सुरया, कुठल्याशा बेगमेचं पानदान असा सरंजाम आला. पाहुण्यांना बिस्किटं द्यायची तीही कुणा मेलेल्या माणसाच्या ताटातून. आई त्यांच्याकडून परत आली आणि फळीसमोर उभी राहून बाबांना म्हणाली, "घ्या! आपण मरमर करून स्टीलपर्यंत पोचलो, तर हे लोक मागे फिरून पितळेला गेले." बाबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं की धोरण बदलल्याचं परिपत्रक आपल्यापर्यंत नेहमी उशिराच येतं.

आणि मग काकांची मुंबईला बदली झाली. महिन्याअखेर सामान जाणार होतं. ही बातमी ऐकून मी रडले. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना आई म्हणाली, "माझ्या घरात घासभर न खाता ही बाई दिल्लीतून जाणार नाही." तिने हे फळीकडे पाहून म्हटलं, पण ऐकलं सगळ्यांनी.

आईची योजना साधी होती. काकूंना जुन्या भांड्यांचं वेड. मग भांडी जुनी आणायची, आणि तीसुद्धा काकूंनाच निवडायला लावायची. स्वतः पसंत केलेल्या तबकातला पदार्थ माणूस नाही कसा म्हणेल? "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही जाण्यापूर्वी एक चांगलं तबक घेऊन द्या," असं तिने म्हणताच काकूंना आभाळ ठेंगणं झालं. शनिवारी आम्ही तिघी बस बदलत बदलत उत्तर दिल्लीतल्या रिजच्या टेकडीवर गेलो. हिंदूराव हॉस्पिटलच्या उतारावर एका जुन्या कोठीच्या व्हरांड्यात सूदसाहेब नावाचे एक गृहस्थ असल्या वस्तू विकायचे. वेताच्या खुर्चीत बसलेले, अंगात घरचा स्वेटर, आणि समोर जमिनीवर पसरलेलं अर्धं साम्राज्य.

"ये देखिए बहनजी," त्यांनी एक ताट उचललं, "नवाब साहब इसी में फल खाते थे."

"कौन-से नवाब?" काकूंनी विचारलं.

"जी, जो उस टाइम पे थे."

काकू खाली बसल्या आणि कामाला लागल्या. तबक उलटं करून बघ, कडेला नख फिरव, बोटाच्या पेराने टण् करून वाजव आणि कान लावून ऐक. जोड कुठे आहे, ठोककाम हाताचं की यंत्राचं, नक्षी कोरलेली की दाबलेली, कलई किती उरली. आईसुद्धा तपासत होती, पण तिची परीक्षा वेगळी होती. काठ किती उंच, कढीची वाटी ठेवली तर कलंडेल का, एका हाताने उचलेल का, या वेलबुट्टीत पीठ अडकलं तर काढायचं कसं. शेवटी तिने विचारलं, "वहिनी, हे घासायचं कशानं?"

"घासायचं? अगं वेडी आहेस का! हा काळपटपणा हीच तर याची शान. घासलंस की गेलं."

"म्हणजे पाहुण्यांसमोर मळकं ठेवायचं?"

"मळकं नाही गं, जुनं!"

आमच्या घरात पाहुण्यासमोर मळकं भांडं ठेवणं हा गुन्हा होता. लोक आमच्याबद्दल आधीच जे समजायला तयार बसलेले असत, त्याला आम्हीच पुरावा दिल्यासारखं. ज्यांना कुणी कधी घाणेरडं म्हटलेलं नसतं, त्यांनाच मळक्या ताटाची हौस परवडते. हे मला तेव्हा नाही, पुष्कळ नंतर कळलं. आता गाझियाबादला नवव्या मजल्यावर आमच्याकडे पार्टी असली की माझी सून मुद्दाम काळवंडवलेले ट्रे ऑनलाइन मागवते, आणि मी चिंच घेऊन पुढे सरसावले की माझ्या हातून काढून घेते. "मम्मी, यही तो लुक है," म्हणते. मी घेऊ देते. पण हात शिवशिवतात.

दोघी मराठीत बोलताहेत हे ऐकून सूदसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. "आप लोग मराठे हो जी?" काकूंनी होकार दिला. "तो पहले बताना था! ये तो आप ही के घर का माल है. हिंदूराव साहब का. यहीं रहते थे, ग्वालियर से आए थे." एवढं तर खरंच होतं, हॉस्पिटलला नावच त्या मराठा सरदाराचं. पण त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. नवाबांची सगळी मालमत्ता बसल्या जागी जप्त झाली आणि हिंदूरावांच्या नावावर चढली. ताट हिंदूरावांचं, सुरई हिंदूरावांची, अडकित्ता त्यांच्या बायकोचा. व्हरांड्यातला टेबलफॅन तेवढा हिंदूरावांचा निघायचा राहिला.

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. हातात एक मोठं गोल तबक होतं, कडेला कंगोरे, मध्यभाग कोरा आणि गुळगुळीत. "सुमन, आपल्या माणसांचं तबक गं! इतक्या लांब, या टेकडीवर!" त्यांनी ते छातीशी धरलं. मग चेहरा पडला. बदलीच्या सामानात आणखी एकही भांडं वाढवायचं नाही असं काकांनी निक्षून सांगितलेलं होतं. "तूच घे. निदान आपल्यातच राहील."

आईने 'आपल्यातच' हा शब्द ऐकला. मला तिच्या तोंडावरून दिसलं. "सरदारांचं तबक आहे, वहिनी," ती म्हणाली. "माझ्या आज्याला ते लांबूनसुद्धा दिसलं नसतं. माझ्या घरी शोभेल का?"

"न शोभायला काय झालं? बिल्कुल शोभेल! अगं, या तबकातून तू मला विष दिलंस तरी मी खाईन!"

"विष नको," आई म्हणाली. "वड्या देते. पुढच्या रविवारी या, दोघंही."

काकूंचं तोंड उघडं राहिलं. सूदसाहेबांना मराठी कळत नव्हतं, पण व्यवहार कुठे पक्का झाला ते बरोबर कळलं. त्यांनी तबक लगेच कागदात गुंडाळायला घेतलं. परत येताना बसमध्ये ते आईच्या मांडीवर होतं आणि काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. घरी बाबांनी सगळा वृत्तांत ऐकून घेतला. "आश्वासन तोंडी आहे," ते म्हणाले. "इतिवृत्तात नोंद नाही. सावध राहा." आईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्या रविवारची एकादशी, चतुर्थी, संकष्टी, प्रदोष सगळं तपासलं. काही नव्हतं. आमच्या बौद्धाच्या घरात कुणी तिथी इतक्या भक्तिभावाने पाहिल्या नसतील.

शुक्रवारी नागपूरहून बाबांची थोरली बहीण आली. आत्या आली म्हणजे संत्र्यांची टोपली, भिवापुरी मिरची आणि न सांगता केलेली कामं, हे तिन्ही सोबत यायचं. शनिवारी दुपारी आई मला घेऊन मार्केटात टेबलक्लॉथ घ्यायला गेली. सरोजिनी मार्केटात टेबलक्लॉथ घ्यायचा म्हणजे आधी सगळ्या फुटपाथवरचे स्वेटर पाहावे लागतात. परत यायला संध्याकाळ झाली. दार उघडलं तर टेबलावर काहीतरी पिवळंधमक झळकत होतं. माझे डोळे दिपले.

"किती मैल निघाला माय!" आत्या समाधानाने म्हणाली. "चिंच संपली तं विटकरीच्या भुकटीनं घासलं. हात दुखून आले. अन् तो नावं घालणारा गल्लीत ओरडत होता, म्हटलं एवढं मोठं भांडं बिननावाचं कायले ठेवता?"

आई टेबलाजवळ गेली. तबकाच्या मध्यभागी, हिंदूरावांनी किंवा जो कोणी असेल त्याने कोऱ्या ठेवलेल्या जागेत, आमच्या घरातल्या कुठल्याही भांड्यावर नव्हती एवढी मोठी, ठसठशीत अक्षरं होती. वर जयभीम. खाली सौ. सुमन मेश्राम. आई मटकन खुर्चीत बसली. बाबा आतून आले, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "मालकी हक्काबद्दल आता शंका राहिली नाही," ते म्हणाले.

"झालं काय पण?" आत्याचा चेहरा उतरला. आईने सगळं सांगितलं. जुन्या वस्तूवर असं काही करत नाहीत, काकूंनी ते किती हौसेनं निवडलं, आता बघतील तर काय म्हणतील. शेवटी आईने ठरवलं की वड्या मध्यभागी रचून अक्षरं झाकायची. यावर मात्र आत्या भडकली. "लाज वाटते का तुले नावाची?"

"नावाची कायची लाज, ताई? त्या बाईला वाईट वाटेल, म्हणून म्हणते."

आई खरं बोलत होती. पुरतं खरं बोलत होती का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

रविवारी सकाळपासून तळणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. घरात केळं नव्हतं. आईने मुद्दाम आणलं नव्हतं. आत्याची संत्री पलंगाखाली खोल ढकललेली होती. आईने वड्या तबकात कौलांसारख्या एकावर एक रचल्या आणि माझ्या हातात उरलेल्या वड्यांचं पातेलं दिलं. माझं काम ठरलेलं होतं: एक वडी उचलली गेली की तिच्या जागी ताबडतोब दुसरी. अक्षर दिसता कामा नये. परीक्षेच्या पेपरला मी इतकी घाबरले नव्हते.

काकू आल्या, बसल्या आणि किंचाळल्या. "हे उजळलं कसं?" आईने शांतपणे सांगितलं की ताईंनी घासलं. काकूंनी डोळे मिटून घेतले, जणू कुणी गेल्याची बातमी आली. काकांनी मात्र तबक पुढे ओढून पहिली वडी उचलली. मी दुसरी ठेवली. त्यांनी तीही उचलली. "वा, काय आग्रह आहे!" ते म्हणाले. मी ठेवत गेले, ते उचलत गेले. त्यांना वाटत होतं मी आग्रह करते आहे, मला वाटत होतं हा माणूस कधी थांबणार. त्यांच्या बाजूने 'श्राम' उघडा पडला, मी झाकला. मग 'सुमन' निघाली, तीही झाकली. पातेल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा मी आईकडे पाहिलं, पण आई काकूंकडे बघत होती.

"घ्या ना वहिनी."

"अगं, आज माझा..." काकू म्हणाल्या.

"आज काही नाही. मी पाहिलंय."

"तसं नाही गं. नवीन धरलाय. सूर्याचा. बदली सुखरूप व्हावी म्हणून." काकूंची नजर खोलीभर फिरली, कोपऱ्यातल्या फळांच्या टोपलीकडे गेली. ती रिकामी होती. फळ नव्हतं. मग बघायला दुसरं काही न उरल्यामुळे त्यांनी तबकाकडे पाहिलं. आणि त्याच वेळी काकांनी मधली वडी उचलली. माझं पातेलं संपलेलं होतं.

काकूंनी वाचलं. मला त्यांनीच शिकवलं होतं तसं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मागून गाडी गेली आणि फळी किणकिणून थांबली.

"मीच घालून घेतलं नाव," आत्या अभिमानाने म्हणाली.

"अहो पण हिंदूरावांच्या तबकावर?" काकूंचा आवाज चिरकला. "शंभर-दीडशे वर्षं जपलेल्या वस्तूवर कुणी हातोडा चालवतं का?"

"तुमच्याइकडे नाही घालत का नाव?"

"घालतात की!" काका मध्येच म्हणाले. "हिच्या माहेरच्या घंगाळावर तर पत्त्यासकट आहे."

"मंग!" आत्याने हात नाचवला. "त्या हिंदूरावानं काऊन नाही घातलं? घातलं असतं तं त्याचं भांडं त्याच्याच घरी राहिलं असतं ना बाप्पा! बिननावाचं ठेवलं, म्हणून आलं फिरत फिरत आमच्याइकडे."

बाबा आधी हसले. मग काका, इतके की वडीचा घास अडकला. मग काकूसुद्धा, पदर तोंडाला लावून. "हे बाकी खरं हं," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी सवयीने आईच्या हातावर हात ठेवला. आई हसत नव्हती. ती त्यांच्या त्या हाताकडे बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमचा उपास वाराचा नाही. आमच्या घराचा आहे." आवाज चढलेला नव्हता. "माझी पोर तापानं फणफणत होती, तेव्हा तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलात. ती तुमच्या अंगावर ओकली, तुम्ही पुसलंत. आणि माझ्या हातचं पाणी घेत नाही. हे दोन्ही तुम्ही कसं जमवता, एवढं मला सांगा. मग नका खाऊ."

बाबांनी पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. काकांच्या हातात अर्धी वडी तशीच राहिली. मला वाटलं आता काकू उठतील, जातील आणि माझं मराठी इथेच संपेल. काकू पुष्कळ वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"जमवत नाही गं," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "माझा हातच पुढे होत नाही. घरी ठरवून निघते, आज घ्यायचं. इथे आले की तोंडातून उपासच निघतो. मलाच लाज वाटते मग. लाज वाटते म्हणून पुन्हा उपास."

"मग आज हात पुढे करा," आई म्हणाली. "मी घाई करत नाही, थांबते."

काकूंनी हात पुढे केला. त्यांनी 'भी' वरची वडी उचलली, क्षणभर धरली आणि एकदम मोठा घास घेतला, औषध घ्यावं तसा. दोनदा चावलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. सारणात आत्याने आपल्या हाताने भिवापुरी मिरची घातलेली होती, आणि पुण्याची जीभ तिला प्रथमच भेटत होती. नाक लाल, कान लाल, डोळ्यांतून धारा. ते मिरचीचं पाणी होतं. मी उगाच त्याला दुसरं काही म्हणणार नाही. "पाणी!" काकू ओरडल्या. "अगं सुमन, पाणी दे!"

मी धावले. स्टीलचा पेला त्यांनी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या. "अजून!" मी अजून दिलं. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी श्वास घेतला, उरलेल्या वडीकडे रागाने पाहिलं, कढीत बुडवली आणि संपवली. "मीठ किंचित कमी आहे," त्या नाक पुसत म्हणाल्या. आई म्हणाली, "पुढच्या खेपेला बघते." पुढची खेप होणार नाही हे दोघींना माहीत होतं, तरी काकूंनी मान हलवली. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि तबकाकडे बोट दाखवून सांगितलं, "दिल्लीत आहेस म्हणून वाचायचं सोडू नकोस." त्या आठवड्यात त्या मुंबईला गेल्या.

त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडून आई परत आली, तेव्हा आत्या ओट्याशी खरकटं आवरत होती. तिने आवाज खाली आणून विचारलं, "सुमन, तिचा पेला कोणता होता वो?"

आईने बेसिनमध्ये पाहिलं. चहाचे, पाण्याचे, कढीचे, सगळे पेले एकात एक पडलेले होते. "कोणास ठाऊक," ती म्हणाली. "वेगळा थोडाच ठेवला होता." मग बाह्या वर करून घासायला लागली आणि घासता घासता बोलायला लागली. तिच्या गावात मास्तरांच्या घरी ती गणितं शिकायला जायची. हुशार मुलगी म्हणून मास्तरीणबाईंचा तिच्यावर जीव होता. जुनी पुस्तकं ठेवायच्या, सणाला बोलवायच्या. आणि चहा द्यायच्या. कप बाहेर ओसरीवरच्या कोनाड्यात असायचा, कान तुटलेला, हिच्यासाठी वेगळा. हिने तो खाली ठेवायचा, बाईंनी वरून ओतायचा, आणि पिऊन झालं की हिनेच विसळून परत कोनाड्यात पालथा घालायचा. "बाई वाईट नव्हत्या, ताई," आई म्हणाली. "वाईट असत्या तर मी गेलेच नसते. जीव लावायच्या, म्हणून तर तो कप डोळ्यांत खुपायचा. अजून समोर आणा, हजारांत ओळखीन."

आत्याने बेसिनमधून एक पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून पाहिला. "हा असंल," म्हणाली. "नाही, हा नाही." तो ठेवून दुसरा घेतला, मग तिसरा. आणि आई साबणाचे हात तसेच धरून, ओट्याला टेकून, हसत हसत म्हणत राहिली, "शोधा ताई, शोधा. सापडतो का बघा."